लाल धाग्याची तक्रार

नव्या पुलाच्या उद्घाटनाला बँडमास्तरांनी रुबाबात काठी वर उचलून खाली आणली आणि त्यांच्या लाल जाकिटाची उजवी बाही खांद्यापासून सुटून मनगटावर येऊन बसली. मास्तर जुने खेळाडू. पापणीही न हलवता त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, तर डावी बाही निघाली. मागे ट्रम्पेटवाल्याची निघाली, बासरीवाल्याची निघाली, आणि मोठा ड्रम वाजवणाऱ्याने दणकून पहिला ठोका दिला तेव्हा त्याच्या दोन्ही बाह्या एकदम खाली उतरल्या. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांची कात्री उघडीच राहिली. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि जे हसू सुटलं ते कुणाला आवरेना. लोकांनी फोन वर धरले होते ते पुलासाठी, पण त्या दिवशी पूल कुणाच्याच फोनमध्ये आला नाही.

जाकिटं वहिनीने शिवली होती. ड्रमवाला तिचा नवरा.

तिला सगळी गल्ली वहिनीच म्हणायची. नवरा गल्लीभर मित्र करून बसलेला, त्यामुळे लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती सगळ्यांची वहिनी झाली, आणि आता तर तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला तेच म्हणत. तिचं शिवणाचं दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. दोन मशिनं, कापायचं टेबल, एक उभा आरसा, आणि काजं-बटणं करायला मावशी. ही मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती, पण सगळ्यांना हक्काने झापायची. कापड फाटेल पण वहिनीची शिवण उसवणार नाही, असं लोक म्हणत आणि वहिनी ते शांतपणे ऐकून घेत असे. छे छे, कसलं काय, असं तिने चुकूनही कधी म्हटलं नव्हतं.

आता कापड शाबूत होतं आणि शिवण उसवली होती, तीही गावासमोर.

दुसऱ्या दिवशी बँडमास्तर जाकिटांचं गाठोडं घेऊन दुकानात आले आणि खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"वहिनी, चुकलेले सूर मी आयुष्यभर ऐकले. चुकलेली माणसंही पाहिली. बाही चुकलेली पहिल्यांदा पाहिली."

"काय झालं ते मी शोधून काढते, मास्तर."

"काढा. तोवर बँड शर्टावर वाजवेल. आणि पुढच्या जाकिटांचं... बघू."

त्या 'बघू'चा अर्थ वहिनीला कळला. मास्तर कधी शब्द वाया घालवत नसत. ते गेले आणि थोड्या वेळाने कोट शिवायला टाकलेला एकजण येऊन 'काही घाई नाहीये, वहिनी' म्हणत कापड परत घेऊन गेला. घाई नसलेला माणूस इतक्या घाईने जाताना तिने पाहिला नव्हता. धंदा बसला असता तर तिने एक वेळ सोसलं असतं, आधीही सोसलं होतं. पण 'हिची शिवण निसटते' हे वाक्य या गावात तिच्या नावाला चिकटणार असेल, तर ते तिला जिवंतपणी ऐकायचं नव्हतं.

तिने गाठोडं सोडलं, बाह्यांच्या कडा उलट्या केल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. टाके सारखे होते, कापडाची भोकं सारखी होती. तुटला होता तो धागा. तिने खिडकीतल्या मांडणीवरून लाल धाग्याचं रीळ उचललं, हातभर धागा काढला आणि ओढला. टक्. पुन्हा ओढला. टक्.

"अगं बाई," मावशी म्हणाली, "हा तर शेवयांसारखा तुटतोय."

"कंपनीने धागा बदलला," वहिनी म्हणाली. "माल हलका केला आणि आपल्या गळ्यात मारला."

बोलता बोलता तिचं अंग हलकं झालं. चूक आपली नाही हे कळलं की माणसाच्या जिवात जीव येतो, आणि जिवात जीव आला की राग यायला जागा होते. वहिनीचा राग आला तो पूर्ण सामानसुमानासह आला.

कंपनी लहानसहान नव्हती. देशातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर तिचा धागा होता, आणि उरलेल्या निम्म्यांच्या बुटांत. वहिनीने रिळावरचा नंबर फिरवला. मशीनमधल्या बाईने गोड आवाजात सांगितलं की आपण आमच्यासाठी मोलाच्या आहात.

"मग ये की फोनवर," वहिनी तिला म्हणाली.

बाईने अमुकसाठी हे दाबा, तमुकसाठी ते दाबा असं सांगितलं आणि पेटीची एक धून लावून दिली. नवऱ्याने ती धून दुसऱ्या दिवशी ड्रमवर बसवली, इतक्या वेळा घरात वाजली होती. शेवटी एकदा फोनवर खरा माणूस आला. त्याने वहिनीचं नाव विचारलं, पत्ता विचारला, ईमेल विचारला, आणि धाग्याबद्दल एक अक्षर न विचारता 'तक्रार नोंदवली आहे' म्हणून फोन ठेवला. आठवड्याने मेसेज आला: 'आपली समस्या सोडवली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

तो मेसेज वाचून वहिनीने जे शब्द काढले ते ऐकून मावशीने सुई खाली ठेवली. मावशीच्या तोंडून तसे शब्द रोज येत, पण वहिनीच्या तोंडून कधी आले नव्हते.

तिने पुठ्ठा घेतला, 'या कंपनीचा धागा कुजका आहे' असं ठसठशीत लिहिलं आणि खिडकीत लावलं. शेजारच्या झेरॉक्सवालीने तिला पुठ्ठ्यासमोर उभी करून फोनवर बोलतं केलं. वहिनी बोलायला लागली की थांबत नाही. "आम्ही नाव कमवायला जन्म घालवतो," ती म्हणाली, "आणि यांना फोन उचलायला जन्म लागतो." झेरॉक्सवालीने त्याला मास्तरांच्या बाहीचा व्हिडिओ जोडला आणि दिला सोडून. दोन दिवसांत तो इतका फिरला की वहिनीच्या परगावच्या नणंदेने तो वहिनीलाच पाठवला, खाली लिहून, 'ही बाई अगदी तुझ्यासारखी दिसते.'

मग माणसं यायला लागली. पहिल्यांदा धाग्यावाली आली. त्यांच्या मागून फ्रिज गार न होणारी आली, इंटरनेट रांगणारी आली, बुटाचा तळ निघालेली आली. एकाची तक्रार अशी होती की बँकेने त्याचं लग्न मोडलं; ते नेमकं कसं, हे कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली. दर संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसे. वहिनी मधे स्टुलावर बसायची आणि माणसं तिला आपली फिर्याद सांगायची. सगळ्यांनी मिळून तिला ग्राहक गटाची प्रमुख केलं. बाहीवरून तिला हसलेली माणसंच आता 'वहिनी सांगेल तसं' म्हणत होती. तिला ते आवडलं नाही असं म्हणणं म्हणजे थाप होईल.

या गर्दीत सोफेवाले काकाही यायचे. सोफे, गाद्या शिवणारा म्हातारा माणूस, दोन गल्ल्या पलीकडे त्याचं दुकान. बोलणं असं की एक वाक्य संपून दुसरं येईतो समोरचा घरी पोचावा. एका संध्याकाळी ते दाराशीच उभे राहून म्हणाले, "माझाही तुटतोय. पांढरा. जाडा."

"त्यांचाच ना?" वहिनीने विचारलं.

"त्यांचाच. मी रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरचे पट्टे शिवतो. त्याच्यात..."

तेवढ्यात फ्रिजवाला तावातावाने बोलायला लागला आणि काकांचं वाक्य अर्धंच राहिलं. वहिनी म्हणाली, "हो काका, घेते तुमचं पण." काका थोडा वेळ थांबले आणि गेले.

व्हिडिओ कंपनीपर्यंत पोचला. जे फोनने झालं नाही ते हसण्याने झालं. एका दुपारी खुद्द कंपनीचा फोन आला: उद्या सकाळी आमचे अधिकारी जातीने भेटायला येतील, आपली माफी मागतील, सोबत नवं इलेक्ट्रिक मशीन भेट म्हणून आणतील. वहिनीने फोन ठेवला आणि पदर खोचला.

"येऊ दे," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याच्या नाकासमोर तोडून दाखवते धागा. पाणी पाजते त्याला."

"एकदा मला पाजून बघ," नवरा म्हणाला. तो ड्रमच्या काठ्या घेऊन स्टुलावर बसला आणि अधिकाऱ्यासारखा चेहरा केला.

वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली. खिडकीतलं लाल रीळ हातात. "बघा साहेब. हा तुमचा धागा." टक्. नवऱ्याने काठीने टेबलावर एक ठोका दिला. "हा तुमचा नावाजलेला धागा." टक्. ठोका. आवाज थोडा चढा हवा होता, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. मग 'नावाजलेला' हा शब्द बदलून पाहिला. मग हात कसे धरायचे ते आरशात पाहून ठरवलं. टक्, टक्, टक्. मावशी कोपऱ्यात बटणं लावता लावता हसत होती आणि जमिनीवर लाल तुकड्यांचा ढीग साठत होता. "आणि याच धाग्याने माझं नाव..." वहिनीने ओढला.

तुटला नाही.

तिने पुन्हा ओढला, अंगातला सगळा जोर लावून. धागा तिच्या बोटात रुतला आणि रक्ताचा थेंब आला.

नवऱ्याची काठी हवेत थांबली. "ओला झाला असेल."

वहिनीने रीळ उजेडात नेलं. हा सराव करता करता तिने रिळाचे वरचे कितीतरी पदर उलगडून संपवले होते, आणि आता जो धागा वर आला होता तो लालभडक होता. खाली पडलेले तुकडे विटकरी होते. तिने मांडणीवरचं दुसरं रीळ घेतलं आणि वरचा धागा ओढला. टक्. मग भराभरा उलगडत आतपर्यंत गेली आणि ओढला. तुटेना. तिसरं घेतलं. तेच. मग कपाटाच्या तळातून, खोक्यातून, नवं कोरं रीळ काढलं. त्याचा तर पहिला हातभर धागाही तुटेना.

ती खुर्चीवर बसली आणि खिडकीकडे बघायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात तिने खिडकीचा पडदा काढून टाकला होता. रंगांची रिळं ओळीने मांडली की रस्त्यावरून दुकान सणकून उठून दिसायचं. येणारेजाणारे थांबून बघायचे. दुपारपासून सगळं ऊन त्या काचेवर यायचं. आणि रंग एका बाजूने उतरतोय असं दिसलं तेव्हा दर सोमवारी ती प्रत्येक रीळ थोडं फिरवून ठेवू लागली, चांगली बाजू पुढे यावी म्हणून. अशा रीतीने तिने एकाही रिळाची एकही बाजू उन्हाशिवाय ठेवली नव्हती. आळशी बाई असती तर निम्मा धागा तरी वाचला असता. आणि जाकिटांना सुरुवात करताना तिने मांडणीवरची काही लाल रिळं उचलून मशीनला लावली, आणि तिची पद्धत अशी की बाह्या आधी. वरचे पदर बाह्यांत गेले. धडाच्या शिवणी आतल्या धाग्याच्या होत्या, म्हणून मास्तरांची पाठ तरी झाकलेली राहिली.

शिवण शिकवताना आत्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, धागा अंधारात ठेवायचा. हे तिला माहीत नव्हतं असंही नाही.

"आपलीच चूक," ती म्हणाली.

"बरं," नवरा म्हणाला. त्याने काठ्या टेबलावर ठेवल्या. "मग आता?"

"आता काय. सांगावं लागेल."

"कुणाला? का?" नवऱ्याने स्टूल पुढे ओढलं. "अगं, तो माणूस उद्या माफी मागायला येतोय. मागू दे. त्यांचं काय जातंय? आपलं नाव साफ होतं, मास्तर परत येतात, मशीन मिळतं. तू त्यांना फोन केलास तेव्हा त्यांनी तुला धून ऐकवली. तू त्यांच्यासाठी हरिश्चंद्र कशाला होतेस?"

मावशी दातांनी धागा तोडून म्हणाली, "मला विचारशील तर गप्प बस. त्यांनी आयुष्यात इतकं लुबाडलंय की एक मशीन आपलं झालं तर हिशोब काही बिघडत नाही."

वहिनीला दोघांचंही पटलं, हे तिचं दुखणं होतं. तिने तुकडे झाडून केरात टाकले आणि ठरवलं की उद्या तोंड उघडायचं नाही.

सकाळी गल्लीत व्हॅन आली तेव्हा दुकानासमोर गर्दी जमली होती. फ्रिजवाला होता, झेरॉक्सवाली फोन तयार ठेवून होती, मास्तर स्वतः आले होते आणि एक बिनबाह्यांचं जाकीट पुरावा म्हणून हातावर घेऊन उभे होते. सोफेवाले काका सगळ्यांच्या मागे, बगलेत कापडी पिशवी. व्हॅनमधून एक तरुण, गुळगुळीत दाढीचा अधिकारी उतरला. त्याच्या ड्रायव्हरने मशीनचं खोकं उतरवून फुटपाथवर ठेवलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अधिकाऱ्याने हात जोडले. "मॅडम, कंपनीच्या वतीने मनापासून माफी मागतो. आपल्याला जो मनस्ताप झाला त्याबद्दल आम्हाला अतिशय खेद आहे." चांगला बोलत होता. मास्तरांकडे वळून त्याने त्यांचीही माफी मागितली, आणि मास्तरांनी वहिनीकडे पाहून मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. वहिनीला वाटलं, झालं, एवढंच हवं होतं.

"इथे फक्त एक सही," अधिकारी म्हणाला आणि कागद टेबलावर ठेवला.

वहिनीने पेन हातात घेतलं. "धागा बघणार नाही का?"

"काही गरज नाही, मॅडम. आमचा ग्राहकावर पूर्ण विश्वास आहे."

"तरी पण. एवढ्या लांबून आलात. ओढून तरी बघा."

"खरंच गरज नाही." तो हसला. "एवढ्यातेवढ्यासाठी आम्ही तपासणी करतच नाही. तपासणीपेक्षा भेट देणं सोपं पडतं."

"आणि धागा खरंच कुजका असला तर?"

"तरी हेच."

"आणि नसला तर?"

"तरी हेच, मॅडम. तुम्ही निश्चिंत राहा."

वहिनी निश्चिंत राहिली नाही. तिने कागद वाचायला घेतला. पहिल्या ओळीत माफी होती. मधे मशीन होतं. खाली लिहिलं होतं की ग्राहक गटाच्या प्रमुख या नात्याने मी मान्य करते, की या भागातल्या धाग्यासंबंधीच्या सर्व तक्रारींचं समाधान झालेलं आहे.

"सर्व म्हणजे?"

"सर्व म्हणजे... सगळ्याच. एकदम निकालात निघतात."

वहिनीने मान वर केली आणि गर्दीत शोधलं. "काका, तुमचा धागा कुठे ठेवता तुम्ही?"

सोफेवाले काका दचकले. "मी? लोखंडी कपाटात. खोक्यातच. लागेल तसा काढतो."

"ऊन लागतं का त्याला?"

"कपाटात कुठलं ऊन?"

"आणि कंपनीला कळवलंत?"

"कळवलं की. तुझ्या आधीच कळवलं. त्यांनी तारे मागितले."

वहिनीने पेन खाली ठेवलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पुढे काय होणार ते त्याला कळलं होतं.

"साहेब, तुमचा लाल धागा चांगला आहे," वहिनी मोठ्याने म्हणाली. "एक नंबर आहे. मी त्याला वर्षभर उन्हात वाळवला. या खिडकीत, माझ्या हाताने, फिरवून फिरवून. मास्तर, तुमच्या बाह्या माझ्यामुळे गेल्या. कंपनीची त्यात काडीची चूक नाही."

झेरॉक्सवालीचा फोन हळूच खाली आला. मास्तरांनी हातातलं जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, जणू ते आत्ताच त्यांना कुणी दिलं होतं.

सगळ्यांत जास्त घाबरला तो अधिकारी. "मॅडम, असं नका म्हणू," तो आवाज खाली आणून म्हणाला. "हे प्रकरण मंजूर झालंय. मशीन स्टॉकमधून निघालंय. आता धागा चांगला निघाला तर मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. तुम्ही सही करा ना. आम्ही चुकलो म्हणतोय तर चुकू द्या आम्हाला."

"मग आम्ही इतके दिवस घसा कोरडा केला तो फुकट?" फ्रिजवाला खवळून पुढे आला. "वहिनी, तू तर आम्हाला तोंडघशी पाडलंस. आता आपलं कोण ऐकणार?"

"माझ्यासाठी ओरडलात ते फुकट गेलं. शिव्या घालायच्या तर मला घाला, मी ऐकून घेईन." वहिनी मागे सरली नाही. "पण माझा राग फुकट नव्हता. मी फोन केला तेव्हा 'बाई, धागा उन्हात ठेवता का?' एवढं एक वाक्य विचारायला यांच्याकडे माणूस नव्हता. विचारलं असतं तर मी त्याच दिवशी जीभ चावून गप्प बसले असते, यांच्या नावाने शंख केला नसता. तेव्हा विचारलं नाही आणि आजही विचारत नाहीत. साहेब, तुमची ही माफी म्हणजे फोन न उचलण्याचाच दुसरा प्रकार आहे. मी खरी की खोटी, हे तुम्हाला जाणूनच घ्यायचं नाही. मला हसले लोक, म्हणून मला मशीन. काकांना कुणी हसलं नाही, म्हणून काकांना काही नाही. आणि माझ्या सहीने त्यांचं तोंडही बंद."

ती गर्दीतून वाट काढत काकांपाशी गेली. "काका, आणलाय का?"

काकांनी पिशवीतून पांढऱ्या जाड धाग्याचं रीळ काढलं. रोज आणत होते बिचारे, रोज परत नेत होते. वहिनीने ते अधिकाऱ्याच्या हातात दिलं.

"ओढा."

"मॅडम, हे माझ्या खात्यात..."

"खात्याने नको, हाताने ओढा."

सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. त्याने नाइलाजाने हातभर धागा काढला, बोटांना गुंडाळला आणि ओढला. धागा तुटला. त्याने रीळ फिरवून आणखी उलगडलं, आतला ओढला. तोही तुटला. मग त्याला कुणी सांगितलं नाही, तरी तो उलगडत राहिला आणि ओढत राहिला, आणि प्रत्येक वेळी धागा तुटत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हा गेलं ते त्यालाही कळलं नसावं.

"याने काय शिवता तुम्ही?" त्याने काकांना विचारलं. सकाळपासून त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न.

"स्ट्रेचरचे पट्टे," काका म्हणाले. "जिन्यावरून पेशंट उतरवताना बांधतात ते. मी या धाग्याचे द्यायचे थांबवलेत. पण हा धागा मी एकटाच थोडा घेतो?"

या वेळी काकांचं वाक्य पूर्ण होईतो सगळे थांबले होते.

अधिकाऱ्याने फोन काढला, परत खिशात ठेवला. "मी... वर कळवतो. तुम्हाला मेसेज येईल."

"मेसेज नको," वहिनी म्हणाली. "मशीन परत गाडीत चढवा. त्याच्या शेजारी दोघांपुरती जागा ठेवा. मी आणि काका येतोय तुमच्याबरोबर."

"मॅडम, ग्राहकांना ऑफिसात न्यायची आमच्याकडे सोय नाही."

"करा मग. आम्ही बसून राहतो, आम्हाला घाई नाही."

तिने काकांचा हात धरून त्यांना व्हॅनमध्ये चढवलं आणि मागोमाग स्वतः चढली. फ्रिजवाला रुसून तोंड फिरवून उभा होता. तिच्याबद्दल गावात आता काय बोललं जाईल ते तिला पाठ होतं. तिने स्वतःच चारचौघांत ते बोलून दाखवलं होतं. नवरा खिडकीशी आला आणि तिची पर्स आत देत म्हणाला, "पाणी ठेवलंय आत. बोलशील पुष्कळ, घसा सुकेल."

त्याच्या मागे मास्तर आले. हातात ते जाकीट तसंच होतं.

"वहिनी, या जाकिटांचं काय करायचं?"

"धडाची शिवण तेवढी ठेवून बाकी सगळं मावशीला उसवायला सांगा. आले की कपाटातला धागा लावून देते."

"त्याच कंपनीचा?"

"त्याच. लाल चांगला आहे."

मास्तरांनी थोडा विचार केला. मग ते दुकानात गेले आणि जाकीट तिच्या मशीनवर ठेवून आले.

अधिकारी पुढच्या सीटवर बसला होता, मांडीवर कोरा फॉर्म आणि हातात काकांचं रीळ. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. अधिकाऱ्याने पेन उघडलं. मग तो मागे वळला. "मॅडम, तक्रार कुणाच्या नावाने लिहू?"

"काकांच्या. आणि खाली तुमच्या सहीने असं लिहा," वहिनी म्हणाली, "की मी स्वतः ओढून पाहिला."